मशीन थांबवणाऱ्या वसुंधराबाई

मित्रांनो, इंदूरच्या परदेशीपुऱ्यात शाळेचे गणवेश शिवणारी मी एक जुनी, काळी मशीन आहे. जन्म लुधियान्याचा. तिथे माझं ओतीव लोखंडाचं अंग घडलं, अंगावर सोनेरी वेल काढली आणि मालगाडीने मी इकडे आले. आधी पायाने चालायचे, पुढे मला मोटर बसवली. पहिल्या वर्षांत लोक म्हणायचे, काय सरळ टाका घालते! आता वेल पुसली आहे, तेलही कुणाला आठवलं तरच मिळतं. पण मला चैन पडत नसे ते वेगळ्याच गोष्टीने. ती ऐका.

वसुंधरा साळवे अकरा वर्षं माझ्यावर बसत आल्या आहेत. मराठी ख्रिस्ती घरातल्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. दुपारी डबा उघडला की आधी डोळे मिटून, हात जोडून आभार मानायच्या. नेमकं त्याच वेळी कापड कापणारे अरविंद मास्टर येऊन आपली मोठी कात्री माझ्या टेबलावर आपटायचे.

"काय हालेलुया बाई, वरून पनीर टपकलं का?"

सगळे हसायचे. बाई दचकायच्या आणि खाली मान घालून पोळीचा तुकडा मोडायच्या. मास्टरांचं तेवढ्यावर भागत नसे. बाई पाणी प्यायला उठल्या की ते माझा धाग्याचा ताण ठरवणारा स्क्रू हळूच फिरवून जायचे. मग टाका सैल पडे, शिवण उसवावी लागे आणि बोलणी बाईंना बसत. माझं खालच्या दोऱ्याचं शटल आतल्या आत खडखडायचं. आधी बाईंना वाटायचं, तेल संपलं; मग एकदा त्यांनी मास्टरांचा हात स्क्रूवर पाहिला.

त्या काही बोलत नसत. ओठ मात्र हलत. मोटरच्या आवाजात ते फक्त मला ऐकू येई. "देवा, धीर दे. त्यांना क्षमा कर."

गेल्या उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधीच्या घाईत, शेजारच्या मशीनवर तन्वी कामाला लागली. वीस वर्षांची, हाताची चपळ, पण बोलताना अडखळायची. मास्टरांना नवं खेळणंच मिळालं.

"क-क-कॉलर झाली का, त-त-तन्वी?"

सगळ्यात मोठ्याने हसायचा तो इस्त्रीवाला गजानन. पाचव्या दिवशी तन्वीने डबा उघडलाच नाही.

"मी उद्यापासून नाही ये-येणार, काकू."

"असं नको करू बेटा. थोडं सहन कर. देव बघतो सगळं."

तन्वीने वर पाहिलं. "देव बघतो. तु-तुम्ही पण बघता. मग बोलत का नाही?"

त्या दुपारी बाईंच्या हातून तीन कॉलर वाकड्या गेल्या. स्क्रूला कुणी हात लावला नव्हता. चौथी उसवता उसवता त्या पुटपुटल्या, "प्रभू, मी याला सहनशीलता म्हणत आले. ही तर भीती आहे."

दुसऱ्या दिवशी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. मास्टर एकटेच कापडावर खडूने आखत होते.

"अरविंद भिया, एक बात सांगायची होती. चारचौघांत तुमची शोभा नको, म्हणून आत्ता आले. त्या पोरीची नक्कल करू नका. माझ्या मशीनचा स्क्रू कोण फिरवतं, तेही मला माहीत आहे."

मास्टर हसले. "अरे, तुमच्यात तर एका गालावर मारलं की दुसरा पुढे करतात ना? मग टेन्शन काय को?"

"माझा गाल मी करीन पुढे, भिया. तन्वीचा गाल पुढे करणारी मी कोण?"

त्याच दिवशी मास्टरांनी माझा स्क्रू असा आवळला की जाड कापडावर माझी सुई मोडली. तुकडा उडून तन्वीच्या भुवईला लागला. डोळा बोटभर अंतराने वाचला. माझ्याच सुईने! हसता हसता गजाननचं तोंड तसंच राहिलं.

बाई गजाननला साक्षीला घेऊन मालकीण प्रेमलताजींकडे गेल्या. उत्तर मिळालं, "सीझन आहे, बाई. आपस में निपटा लो."

बाई परत येऊन बसल्या. मास्टरांना वाटलं, मिटलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "त-त-तन्वी..."

बाईंनी पायदानावरचा पाय उचलला. मी थांबले. त्या उभ्या राहिल्या.

"अरविंद भिया, हे चूक आहे. हे बंद होईपर्यंत माझी मशीन बंद."

मग गजाननने इस्त्री उभी केली. मग तन्वीची मशीन थांबली, पलीकडची थांबली, आणि बघता बघता चौदाच्या चौदा मशिनी गप्प झाल्या. त्या शांततेने प्रेमलताजी केबिनमधून धावत आल्या. आता त्यांना विचारावंच लागलं. तन्वीने स्वतः सांगितलं. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला, पण मध्ये कुणी बोललं नाही.

मास्टरांना सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. त्यांनी ती जमिनीकडे बघत मागितली. ते काही साधू झाले नाहीत. अजून घुश्श्यातच असतात. पण नक्कल बंद झाली आणि माझा टाका सरळ पडू लागला. बाई अजून प्रार्थनेत त्यांचं नाव घेतात. तन्वीने एकदा विचारलं, "अजून त्यां-त्यांच्यासाठी?"

"हो बेटा. त्यांचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. वाईट करणं थांबावं, एवढंच."

मित्रांनो, तुमच्या वर्गात, गल्लीत कुणाची अशी थट्टा चालली असेल, तर हसणाऱ्यांत बसू नका. आधी थट्टा करणाऱ्याला एकट्याला गाठून सांगा. नाही ऐकलं तर सोबत माणसं घ्या, मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी टाळलं तरी सोडू नका. भीती जाईल मग बोलू, म्हणून थांबू नका. बाई उभ्या राहिल्या तेव्हाही भीती होतीच; बोलण्याआधी त्यांचे ओठ हलले, "देवा, धीर दे," आणि ते फक्त मला ऐकू आलं.