टॅनची उभी रेघ

अंकुशनगरच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली कलंडली होती, त्यामुळे ज्योत्स्नाची एसटी बराच वेळ जागची हलली नाही. सकाळपासून ती फळ्यासमोर उभी, परतताना गाडीतही उभीच. अंबडला घराचं फाटक उघडेपर्यंत तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

"आल्या का मॅडम? चालले मंग मी," दिवसभर बाबांजवळ थांबणाऱ्या गिरिजाबाई चपला शोधत म्हणाल्या. "आज बराबर जेवले न्हाईत. वरणभात थुंकून दिला सगळा."

बाबा म्हणजे सर्जेराव. गणिताचे मास्तर म्हणून त्यांनी अंबडमध्ये सारी नोकरी काढली होती. दोरी न वापरता फळ्यावर वर्तुळ काढायचे आणि ते काढताना वर्गाकडे तोंड करून बोलतही असायचे. गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय लुळा पडला आणि बोलणं तर पार विस्कटून गेलं. मोठ्या कष्टानं एखादा शब्द निघायचा, तोही भलताच. पाणी हवं असलं की 'दार' म्हणायचे. त्यांना किती समजतं ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मग घरच्यांनी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापल्या सोयीनं ठरवून टाकलं, की आता त्यांना काही समजत नाही. ज्योत्स्नानंही तेच धरून चालायला सुरुवात केली होती. तसं धरलं की कामं उरकतात. तोंड पुसायचं, कूस बदलायची, गोळ्या द्यायच्या. विचारायचं काही नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ज्योत्स्नानं लग्न केलं नव्हतं आणि धाकटा प्रितम पुण्यात नोकरीला होता. त्यानंच तिकडचं एक वृद्धसेवा केंद्र पाहून ठेवलं होतं. येत्या रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. सगळं फोनवर ठरलं, बाबांच्या पलंगाशेजारीच बसून, स्पीकर चालू ठेवून. "ताई, त्यांना काय, इथं काय आन् तिथं काय," प्रितम म्हणाला होता. आणि ज्योत्स्ना म्हणाली होती, "ने रे त्यांना. माझ्यानं होत न्हाई आता."

चहा घेऊन ती पलंगाजवळच्या खुर्चीत बसली. उद्या अकरावीला त्रिकोणमितीचे आलेख शिकवायचे होते. प्रितमनं मागं पाठवलेला ग्राफचा कॅल्क्युलेटर तिनं पिशवीतून काढला. परदेशातून आलेल्या एका मित्रानं तो त्याला दिला होता. समीकरण टाकलं की छोट्या पडद्यावर आलेख उमटायचा. फळ्यावर काढत बसायला आता हात चालत नव्हता, म्हणून वर्गात हाच फिरवायचा असं तिनं ठरवलं होतं. साइन टाकलं, लाट आली. कोसाइन टाकलं, तीच लाट जरा सरकून आली. बाबांचे डोळे पडद्याकडे लागले होते. तिनं सहज तो त्यांच्यापुढं धरला आणि टॅन टाकलं. डावीकडून एक एक तुकडा वर चढत उमटत गेला.

"उभी," बाबा म्हणाले.

ज्योत्स्नानं मान वर केली.

"उभी… उभी…"

"उभं राह्यचंय? आत्ता?" तिनं कप खाली ठेवला. एकटीनं त्यांना उठवायचं म्हणजे कमरेचा काटा ढिला व्हायचा. तरी तिनं त्यांच्या बगलेत हात घातला. बाबांनी तो झटकला आणि डाव्या मुठीनं गादीवर एक ठोसा मारला.

"न्हाई! उभी… न्हाई!"

"मंग काय पाहिजे बाबा? पाणी? संडासला जायचंय?" तिचा आवाज चढला. "मलाबी जीव हाये. दिवसभर उभी हाये मी!"

बोलून झाल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र तिच्याकडं बघतच नव्हते. त्यांनी डावा हात लांबवला, कॅल्क्युलेटर स्वतःकडं ओढला आणि नखानं पडद्यावर टकटक केलं. आलेखाच्या दोन तुकड्यांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ होती. बाबा त्या रेघेवर नख घासत होते, फळ्यावरचं चुकलेलं पुसावं तसं.

"खोटी," ते म्हणाले.

ज्योत्स्ना बघत राहिली. नव्वद अंशाला टॅनला किंमतच नसते. आलेख तिथं तुटतो, एक तुकडा वर निघून जातो आणि दुसरा खालून येतो, मध्ये काही नसतं. यंत्र आपलं बिंदूला बिंदू जोडत सुटतं, म्हणून त्यानं वरचं टोक खालच्या टोकाला जोडून टाकलं होतं. उद्या हाच पडदा ती पोरांपुढं धरणार होती. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात जे तिला डोळ्यांसमोर असून दिसलं नाही, ते बाबांनी पडल्या पडल्या पकडलं होतं.

ती खटपट करत बसली. बटणं दाबत दाबत तिला एक सोय सापडली, नुसते ठिपके काढायची, जोडायचे नाहीत अशी. पुन्हा टॅन टाकलं. तुकडे ठिपक्याठिपक्यांनी उमटले आणि मधली जागा मोकळी राहिली.

"बराबर," बाबा म्हणाले. शब्द स्वच्छ निघाला.

ज्योत्स्नानं कॅल्क्युलेटर गादीवर ठेवला. हे समजत असेल तर सगळंच समजत होतं. गिरिजाबाईंचं करवादणं, भेटायला येणाऱ्यांचं च्यक् च्यक्, आणि स्पीकरवरचं ते बोलणंही.

"बाबा," ती म्हणाली, "प्रितमचा फोन… तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं."

"पुण्याला जायचं तुम्हाला?"

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले, शब्द सापडेना, पुन्हा हलले. "तू… थकली."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायलाही जोर लागतो, तेवढा तिच्यात नव्हता. "लई थकले बाबा."

त्यांनी मान डोलावली. मग डोळे मिटले.

"न्हाई जायचं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "प्रितम… येऊ दे."

ज्योत्स्नाला रडू आलं. त्यात दुःख होतं, लाज होती, आणि रविवारनंतर मिळणारी झोप हातची गेली याचा त्रासही होता. तिनं तिथंच बसून फोन लावला, स्पीकरवरच.

"ताई, मी सगळं नक्की करून बसलोय," प्रितम वैतागला. "आता काय झालं?"

"बाबांना इचार."

"बाबांना काय इचारू?"

"ते ऐकून राह्यलेत, प्रितम. पयल्यापासून ऐकून राह्यलेत."

प्रितम हळू आवाजात म्हणाला, "बाबा?"

"ये," बाबा म्हणाले.

तो रविवारी आला. गाडी आणली, पण बाबांना न्यायला नव्हे, स्वतःचं सामान घेऊन. दर महिन्यातला एक आठवडा अंबडहूनच काम करायची परवानगी त्यानं साहेबांच्या हातापाया पडून मिळवली होती. पहिल्या दिवशी त्यानं पेज बाबांच्या सदऱ्यावर सांडली, कूस बदलताना त्यांचा हात अंगाखाली दाबला आणि चिडून दोनदा अंगणात जाऊन उभा राहिला. ज्योत्स्नाला उठून मदत करावीशी वाटली, पण ती उठली नाही.

एका आठवड्यानं थकवा जात नाही हे तिलाही कळत होतं. तो गेला की पुन्हा सगळं तिच्यावरच येणार होतं. दुपारी ती मधल्या खोलीत आडवी झाली. बाहेर प्रितम विचारत होता, "बाबा, दूध का चहा?" आणि उत्तर येईपर्यंत थांबला होता. ते उत्तर काय आलं हे तिनं ऐकलं नाही. तिचा डोळा लागला होता.