आधी घरी लावलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. आता माझी वायर कापलेली आहे आणि मी बालवर्गाच्या खेळण्यांत पडून असतो. कारखान्यात मात्र मला पुन्हा पुन्हा वाजवून पारखलं होतं. तिथून मी थेट या शाळेच्या ऑफिसात, मोठ्या बाईंच्या टेबलावर आलो. त्या रोज मला फडक्याने पुसायच्या आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

मग नवा कायदा आला. मुलाला कुणी मारतंय, छळतंय किंवा उपाशी ठेवतंय असा नुसता संशय आला, तरी शाळेने कळवलंच पाहिजे. कुठे कळवायचं तो नंबर माझ्या मागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लागला. समजावायला आलेला अधिकारी म्हणाला, "खरं-खोटं आम्ही बघू. तुम्ही फक्त कळवा. आणि घरी आधी विचारत बसू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा झाला, माझ्यासकट फोटो निघाले. मी तर हवेतच होतो.

दुसरीत एक मुलगी होती. फार बडबडी, म्हणून सगळे तिला मैना म्हणत. ऑफिसात आली की माझी वायर बोटाला गुंडाळत उभी राहायची. हल्ली मात्र ती गप्प असायची आणि भर उन्हाळ्यात स्वेटर घालून यायची. एके दिवशी वर्गबाईंनी तिची बाही वर सारली आणि तिला तशीच ऑफिसात आणलं. तिच्या हातावर पट्ट्याचे वळ होते, काही जुने, काही ताजे.

मोठ्या बाईंनी तिला जवळ घेतलं. ती एवढंच म्हणाली, "बाई, घरी नका ना सांगू."

"नाही हं बाळा, नाही सांगणार."

ती वर्गात गेली. वर्गबाई म्हणाल्या, "आत्ताच कळवू या, बाई. नंबर समोरच आहे."

"अगं, कळवू की! पण आधी घरी विचारू. तिचे वडील शाळेच्या समितीवर आहेत. उगाच कुणाच्या अब्रूला हात कशाला घालायचा?"

आणि त्यांनी मला उचललं. मला तोंड नाही याचा तेवढा संताप मला पुन्हा कधी आला नाही. वडिलांचा आवाज साखरेत घोळलेला होता. "सायकलवरून पडली हो, फार हूड आहे! पण बरं झालं सांगितलंत, बाई."

मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. मैनेचा कुठे पडला, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा बाक रिकामा होता. तेव्हा वर्गबाईंनी कुणाला न विचारता भिंतीवरचा नंबर लावला. तपासाची माणसं लगेच घरी गेली, तर दाराला कुलूप. सामान घेऊन सगळे गेले, एवढंच शेजारी सांगू शकले. मैना अजून सापडलेली नाही.

"मी चांगल्या मनानेच केलं," मोठ्या बाई अजून सांगतात. असेलही. पण त्या चांगुलपणाची मला चीड येते. एवढा मोठा कायदा भिंतीवर लटकत राहिला आणि भिडेपुढे हरला.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, माझं काम संपलं. पण उद्या एखादं मूल तुम्हाला म्हणालं, "घरी सांगू नका," तर घरी सांगू नका. जिथे सांगायला हवं, तिथे सांगा.