पुतळाबाईच्या पाटीतले फोन

शीव कोळीवाड्यातल्या पुतळाबाईला नात झाली, ही बातमी आधी अख्ख्या माटुंगा मार्केटला कळली आणि सगळ्यांत शेवटी पुतळाबाईला. सकाळी तिने म्हावऱ्याची पाटी खाली ठेवली न ठेवली तोच शेजारी बसणारी कमलाबाई ओरडली, "आजी झालीस गो! पेढे कुठं हायेत?"

पुतळाबाईला वाटलं, मस्करी करते. मग उलगडा झाला. उरणहून जावई आदल्या संध्याकाळपासून फोन लावत होता आणि दर वेळी तीच बाई त्याला सांगत होती, की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. शेवटी त्याने वडाळ्याला राहणाऱ्या कमलाबाईला फोनवर गाठलं.

"बाहेर कशी? मी घरातच व्हते!" पुतळाबाई म्हणाली. एकीकडे डोळे भरून आलेले, दुसरीकडे डोकं तापलेलं. त्या भरात तिने पापलेट मागणाऱ्याच्या पिशवीत बोंबील टाकले.

तिच्या आळीत रेंज न येणं हे जुनंच दुखणं होतं. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. फोन लागला नाही की गिऱ्हाईक दुसरीकडून म्हावरं घेई. कंपनीला विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "मॅडम, तुमच्या भागात नेटवर्क उत्तम आहे." कंपनीच्या नकाशात सबंध कोळीवाडा हिरवागार होता ना!

आठवड्याभरात तिचा मुलगा रूपेश खबर घेऊन आला. फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या दूरसंचार नियामकाची माणसं दादरच्या एका हॉलमध्ये ग्राहकांना भेटणार होती. पुतळाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला आणि जाऊन थेट पहिल्या रांगेत बसली.

कंपनीच्या निलेशने पडद्यावर तोच हिरवा नकाशा दाखवला. पुतळाबाई उठून उभी राहिली. "हिरवं तर आमच्या मोरीतलं शेवाळही हाय. त्यावर फोन लागतो काय?"

हॉल खो खो हसला. निलेशही हसला, बिचारा. मंचावर बसलेल्या नियामकाच्या अधिकारी इरावती मात्र नुसत्या हसून थांबल्या नाहीत. "मावशी, एकेकाची तक्रार कंपनीनेच सोडवायची असते, ती आम्ही हातात घेत नाही," त्या म्हणाल्या. "पण कंपनी लोकांना जो नकाशा दाखवते तो खरा आहे की नाही, हे तपासणं आमचं काम. मी येते तुमच्याकडे."

पुतळाबाईला वाटलं, मोठी माणसं बोलतात तसं बोलली असेल. पण खरंच एका सकाळी तपासणीची गाडी आळीच्या तोंडाशी येऊन थांबली. थांबली, कारण पुढे जाणार कशी?

"इथेच घोटाळा आहे," इरावती उतरत म्हणाल्या. "आजवर मोजणी झाली ती हमरस्त्यावरून. चला, चालत जाऊ."

निघाल्या खऱ्या, पण मोजणीचे फोन एका पेटीत ओळीने बसवलेले. ती पेटी आडवीच धरायची, तिरकी करायची नाही. आणि आळीत कुठे सायकल, कुठे वाळत घातलेलं जाळं! दहा पावलांत पेटी दोनदा भिंतीला धडकली.

"दे इकडं, बाय," पुतळाबाई म्हणाली. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, वर धुतलेली पाटी आणि पाटीत पेटी. "आता घे मोजून, कुठं नेऊ ते सांग."

पुढे पुतळाबाई, मागे लॅपटॉप सांभाळत इरावती, त्यांच्यामागे निलेश आणि रूपेश. पाटीतले फोन आपोआप कॉल लावत आणि कॉल तुटला की लॅपटॉपवर लाल ठिपका उमटे. पहिला लाल ठिपका रूपेशने मोठ्याने जाहीर केला. दुसऱ्याला दारादारांतल्या बाया ओरडल्या, "गेला, गेला!" तिसऱ्याला टाळ्या पडल्या. पुढच्या वळणावर एका घरी हळद होती. तिथल्या बँडवाल्यांना काय चाललंय ते कळलं नाही; पण वरात दिसली की वाजवायचं एवढं त्यांना ठाऊक. मग काय! डोक्यावरची पाटी तसूभर न हलवता पुतळाबाईने कमरेत ठेका धरला, आणि इरावतींचे पायही जागेवर राहीनात.

"मॅडम, तपासणी चालू आहे ना?" निलेशने विचारलं.

"चालू आहे की," त्या म्हणाल्या. "आणखी एक गेला बघा!"

जेवायला पुतळाबाईने सगळ्यांना थांबवून घेतलं. सुकटीची चटणी तोंडात टाकत निलेश हळूच म्हणाला, "मावशी, मी हा नकाशा ऑफिसात बसून बघत होतो. इथे कधी आलोच नव्हतो."

"आता आलास ना? भाकरी घे," पुतळाबाई म्हणाली.

तपासणीचा निकाल नियामकाने सगळ्यांना पाहता येईल असा जाहीर केला. हिरव्या नकाशाच्या मधोमध लाल आळी. कंपनीला नकाशा बदलावा लागला, आणि दिवाळीच्या आत आळीतल्या खांबांवर रेंज देणारे छोटे छोटे डबे बसले. गाडी जात नाही अशा वस्त्यांत यापुढे पायी मोजणी करायची, असंही ठरलं. हे सांगायला इरावतींनी स्वतः फोन केला. पुतळाबाईने तो घरात बसून, भिंतीला पाठ टेकून घेतला.

त्या दिवशी आळीत ज्याला त्याला कुणाला तरी फोन करायचा होता. कुणी माहेरी लावत होती, कुणी बोटीवर. पुतळाबाईचा नवरा हरेश्वर जन्मात फोनवर चार शब्दांच्या वर बोलला नव्हता. त्यानेही फोन मागून घेतला आणि तीन दारं पलीकडच्या अण्णांना लावला.

"अण्णा! ऐकू येतंय काय रे?" तो इतक्या जोरात ओरडला, की अण्णा फोन कानाला लावूनच ओट्यावर आले आणि तिथून तेवढ्याच जोरात ओरडले, "एकदम झकास!"

मग दोघे एकमेकांकडे बघत, हात करत, पुष्कळ वेळ फोनवरच बोलत राहिले.