पान कुठं राहावं

अमरावतीच्या ऑफिसात सकाळीच फोन वाजायला लागले आणि रश्मीच्या हातातला चहा तसाच गार झाला. खारपाणपट्ट्यातल्या गावांना पाणी सोडणारं सॉफ्टवेअर तिच्या टीमचं होतं. ते ज्या सर्व्हरवर चालायचं, तो विजेच्या झटक्यानं निजला होता आणि काही केल्या उठत नव्हता.

खारपाणपट्टा म्हणजे माती काळीभोर, बघून डोळे निवावे अशी; पण विहीर उपसावी तर पाणी आसवांसारखं खारट. धरणाचं गोडं पाणी नळानं यायचं तेव्हाच घोट घशाखाली उतरायचा. आज भातकुलीकडच्या गावांची पाळी होती. दुपारी मोठी लाइन दुसऱ्या फाट्याकडे वळणार. पाळी हुकली की आठवडाभर तेच खारट पाणी.

"पंप हातानं लावता येते," फोन सांभाळणारी भावना म्हणाली. "डोमाजीकाका पंपघरात उभे आहेत. इचारून राहिले, आधी काय दाबू?"

कम्प्युटर आल्यानंतर डोमाजी तिथं कामाला लागले. हातानं पंप लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. व्हॉल्व्ह पुरता उघडायच्या आत पंप लागला तर जुना पाइप फुटणार, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

"ऑफिसच्या पोर्टलवर पान आहे ना त्याचं," रश्मी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आठवलं. पोर्टल त्याच सर्व्हरवर होतं. सर्व्हर पडला तर काय करावं, हे सांगणारं पान सर्व्हरच्याच पोटात निजलं होतं.

ही पानं कुठं ठेवायची, यावरून टीममधल्या शेखरशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे कोडसोबत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर राहतील, असं तो म्हणायचा. मग कोड न येणाऱ्या भावनानं वाचायचं कुठून, असं ती विचारायची. पोर्टल देखणं होतं, शोधलं की सापडायचं. रश्मी जिंकली. शेखर पुढं अकोल्याच्या कंपनीत गेला.

पान तिनंच लिहिलेलं. व्हॉल्व्हचं बटण दाबा, दोन मिनिटं थांबा, पंप लावा. तिनं भावनाच्या हातातून फोन घेतला. पण नुसत्या आठवणीवर सांगायला ती धजेना. तिनं आपला मोबाइल काढून शेखरला लावला.

"आज कशी काय आठवण आली, बाप्पा?"

तिनं सांगितलं. तो टोमणा मारेल असं वाटलं होतं, पण पानावर काय लिहिलं होतं, एवढंच त्यानं विचारलं.

"दोन मिनिटंच ना रे? मले पक्कं आठवते."

"तुले पान आठवते. मशीन काय करते ते नाही आठवत. लॅपटॉपवरचा कोड उघड अन् मोठ्यानं वाच. मी ऐकून राहिलो."

बाहेर ऊन चढत होतं. रश्मी ओळीवर बोट ठेवत वाचत गेली आणि बोट एकाएकी थांबलं.

"दोन मिनिटं नाहीतच इथं! हिरवा दिवा लागेपर्यंत थांब, असं आहे."

पलीकडून सुस्कारा आला. "मीच बदललं ते. व्हॉल्व्हची मोटर नवी बसवली, ते सावकाश फिरते."

"अन् पान काहून नाही बदललं?"

"तुह्या पोर्टलवर जा, लॉगिन कर, शोध... राहून गेलं. कोडच्या बाजूले असतं तं लाजेकाजेनं तरी बदललं असतं."

रश्मीनं भावनाचा फोन पुन्हा कानाशी धरला. पोर्टल चालू असतं, तर तिनं ते पान विश्वासानं वाचून दाखवलं असतं. आणि पाइप फुटला असता.

"काका, व्हॉल्व्हचं बटण दाबा. हिरवा दिवा लागल्याबिगर पंपाले हात लावू नका."

"दाबलं. दिवा लाल आहे, पोरी."

दोन मिनिटं कधीच सरली.

"लालच आहे. गाववाले माह्या जिवावर उठून राहिले. लावू का?"

"नाही, काका."

"मोटर कण्हून राहिली वं. लावतो म्हणतो!"

"नाही म्हणजे नाही!"

भावनानं टेबलाची कड धरली. शेखरचा फोन चालूच होता.

"...हिरवा."

"लावा आता."

फोनमधून पंपाची घरघर आली, पहाटेच्या जात्यासारखी. दाबाचा काटा जागेवरच असल्याचं काकांनी सांगितलं. पाइपानं पाणी धरलं. तासाभरात गावातून निरोप आला, टाकीत धार पडली.

सर्व्हर उठल्यावर रश्मीनं पोर्टल उघडलं. 'दोन मिनिटं' ठळक अक्षरांत ऐटीत बसली होती. तिनं ते पान उचलून कोडशेजारी ठेवलं आणि दुरुस्त केलं.

"मंग मी कुठून वाचू?" भावना फणकारली. "तुमचा कोड उघडायचा पगार नाही मले."

"तुले पोर्टलवरच दिसंल. पण लिहायचं इथंच. इथलं तिथं आपोआप जाईल."

तेवढ्यात डोमाजींचा फोन. "मले कागदावर धाडा. भिंतीले डकवतो."

"काका, उद्या मोटर बदलली अन् कागद तसाच राहिला तं?"

"अन् उद्या तुमचं सारंच बंद पडलं तं?"

"धाडते कागद," रश्मी म्हणाली. मग तिनं पानाच्या तळाशी एक ओळ वाढवली आणि त्यांना वाचून दाखवली: मोटर बदलणाऱ्यानं नवा कागद लावल्याशिवाय पंपघर सोडू नये.

"अन् सोडलं तं?"

"तो आत असतानाच बाहेरून कडी लावा, काका."