फिका नमुना

"ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही. सोन्याच्या पाण्याचा रंग खिडकीशी नेऊन बघायचा. डाळिंबासारखा लाल असेल तर पुढे जा. जांभळट दिसला तर हळहळत बसू नकोस, ओतून टाक."

मोठ्या बाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज प्रयोगशाळेतून काही गेला नव्हता. तिने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आतलं परवा बनवलेलं सोन्याचं पाणी जांभळट होतं.

परवा खिडकीपाशी खोक्यांची थप्पी लागली होती, उजेडापर्यंत जाताच आलं नाही. शुद्ध पाणी संपलेलं, म्हणून चंबू नळाखाली विसळला होता. तेवढ्याशा क्षारांनी सोन्याचे कण एकमेकांना चिकटले. सुटे राहिले तरच ते विषाणूला नीट धरतात आणि तपासणीच्या पट्टीवर लाल रेष उठते. ट्यूबलाइटखाली तिला रंग लालच वाटला. भरपूर विषाणू असलेल्या कडक नमुन्यावर तिने पट्टी तपासली, झकास रेष उठली. थोडेच विषाणू असलेल्या फिक्या नमुन्यावर बघायचं राहिलं, कारण पट्ट्यांची पेटी न्यायला आलेला गाडीवाला खाली हॉर्नवर हॉर्न देत होता.

आज तिने फिक्या नमुन्याचा थेंब परवाच्या तीन पट्ट्यांवर टाकला. पंधरा मिनिटं ती घड्याळासमोर हात जोडून उभी राहिली. पट्टी चालते हे सांगणारी वरची रेष तिन्हींवर आली. आजार सांगणारी खालची एकीवरही नाही.

तिने दवाखान्यात फोन लावला. तिची नणंद तिथे परिचारिका होती.

"बोला वहिनी! आज कशी आठवण आली गरिबाची?"

"परवाची पेटी उघडलीस?"

"उघडली काय, संपत आली. तुमच्या पट्ट्या गरम भज्यांसारख्या खपतात इथे."

"थांबव. एकही वापरू नकोस. ज्यांना थोडीच लागण आहे, त्यांची रेष उठतच नाहीये."

पलीकडे कुणीतरी खोकलं.

"ऐकतेस ना?"

"अकरा जणांना घरी पाठवलंय मी." आवाजातली थट्टा पार गेली होती. "त्यात एक बाळंतीण. परवा रात्री अंगात कणकण आली म्हणून बाळ वेगळं ठेवलं होतं. काल दुपारी तुझी पट्टी रिकामी आली, आणि मी स्वतः बाळ तिच्या कुशीत दिलं."

ती स्टुलावर बसली. औषध पहिल्या दोन दिवसांत पोटात गेलं तरच उपयोग. तान्ह्याला तर तेवढीही सवड नसते.

"फोन कर तिला."

"सकाळी केला होता सहज. बंद आहे. टेकडीवरच्या शेवटच्या गल्लीत राहते. इथे मी एकटी आहे गं, चाळीस जण रांगेत. कुणाला पाठवू?"

दारात प्रयोगशाळेचे साहेब उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. त्यांनी तीन पट्ट्या पाहिल्या, चष्मा काढला, परत घातला.

"पेटी परत मागवू," ते हळू आवाजात म्हणाले. "कारण लिहायची गरज नाही. एकदा बोभाटा झाला की पट्टीवरचा लोकांचा विश्वासच उडेल. मग चांगलीसुद्धा कुणी घेणार नाही."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच तिला ते ऐकवेना.

"आणि घरी गेलेले अकरा?"



फोन अजून चालू होता. "वहिनी," नणंद म्हणाली, "तिने तीनदा विचारलं होतं मला. नक्की ना सिस्टर, नक्की ना? मी म्हटलं, डोळे मिटून घे बाळाला. पट्टी माझ्या वहिनीने बनवलीय."

तिने डोळे घट्ट मिटले. देवाकडे काय मागावं तेही सुचेना. चूक झालेलीच नसू दे, असं तर आता मागता येत नव्हतं.

"मी जाते. आधी तिच्याकडे, मग बाकीच्या दहांकडे. तपासून औषध देऊन येईन, आणि चूक माझी हेही सांगेन. शब्द देते तुला."

"शिव्या घालतील."

"घालू देत. डॉक्टरांना सांगून औषधाच्या पुड्या काढून ठेव, बाळाची वेगळी. वाटेत घेते."

तिने आधीच्या, खात्रीच्या घाण्यातल्या बारा पट्ट्या मोजून पिशवीत टाकल्या. अकरा जणांसाठी अकरा, एक बाळासाठी. पांढरा कोट खुंटीला अडकवला. साहेब दारातून बाजूला झाले नाहीत, पण आडवेही आले नाहीत. ती अंग चोरून त्यांच्या बाजूने निघाली.

जिन्यावर ती पहिलं वाक्य जुळवत होती. "बाई, बाळ जरा माझ्याकडे द्या." नको. "घाबरू नका." तेही नको, घाबरण्यासारखंच होतं. शेवटच्या पायरीवर तिने ठरवायचं सोडून दिलं, पदर खोचला आणि टेकडीकडच्या रस्त्याला लागली.