मास्तरीणबाईंचं खत

"घ्या, आता उकरूनच दाखवते!" असं म्हणून मास्तरीणबाईंनी बाह्या सरसावल्या आणि कुदळ उचलली. मागच्या दारात चहा पीत बसलेल्या मास्तरांच्या घशात घोट अडकला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चौकात त्यांचं केस कापायचं दुकान होतं. अख्ख्या गल्लीची डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून लोक मानाने मास्तर म्हणत. मग बायको आपोआपच मास्तरीणबाई झाली. परसात तिचं राज्य होतं. तिच्या घरातून कचऱ्याच्या गाडीत काही म्हणजे काही जात नसे. साली, देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं यांचं खत व्हायचं. भाजी धुतलेलं पाणी वालाच्या वेलाला, गळकी बादली मिरच्यांना. दुकानातलं तडा गेलेलं बेसिनसुद्धा तिने कोथिंबिरीला देऊन टाकलं होतं. एकदा मास्तरांनी फाटकी चप्पल टाकायला काढली, तर हिचं काय करता येईल, यावर बाईंनी बराच वेळ विचार केला होता.

आणि भोपळे! एकेक असा, की उचलण्याआधी माणसाने आपल्या कमरेचा विचार करावा. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ऐकवायची, "बाहेरचं खत चिमूटभर नाही हो. फक्त माझ्या स्वयंपाकघरातल्या साली."

गल्लीतल्या बायकांनी तिच्याकडे धडे घेतले, अगदी तिने सांगितलं तसंच खत केलं. पण त्यांचे भोपळे लिंबाएवढे होऊन गळून जायचे. बाई काहीतरी हातचं राखून सांगते, अशी कुजबुज सुरू झाली. ती कानावर येताच मास्तरीणबाई भडकल्या आणि त्यांनी सगळ्यांना परसात बोलावलं.

मास्तर कसेबसे म्हणाले, "अगं, मुळं दुखावतील. राहू दे ना."

"तुम्ही चहा प्या."

पहिल्या घावाला काळीभोर, भुसभुशीत माती निघाली. "बघा!" दुसऱ्या घावाला टरफलांचे तुकडे. "बघा!" तिसऱ्या घावाला जे निघालं, ते बघून ती स्वतःच गप्प झाली. मूठभर केसांचा पुंजका होता. काळे, पांढरे, कुरळे, सरळ, सगळे गुण्यागोविंदाने एकत्र नांदत होते.

"अगं बाई, हे काय!" दोघीतिघी मागे सरकल्या.

मास्तरीणबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर मास्तरांना ओळखीची होती. एरवी अशा वेळी ते दुकानात पळायचे, पण आज बायकांनी वाट अडवली होती.

"दुकानातले आहेत," ते पुटपुटले. "संध्याकाळी झाडतो ते. फेकले की गटारं तुंबतात. मातीत मुरले की झाडाला ताकद देतात."

शेजारच्या वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही आम्हाला दिलेला भोपळा... आमच्या ह्यांच्याच केसांवर वाढलेला?"

"छे छे, वहिनी!" मास्तर धीर द्यायला गेले. "साहेबांचे एकदाही टाकले नाहीत. कलप लावलेले केस मी वेगळे काढतो."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आपले केस घराण्यातच काळे आहेत, असं शेजारचे साहेब आजवर सगळ्यांना सांगत आले होते. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्या हशातच बायका पांगल्या. वहिनी सगळ्यांत आधी, आणि तरातरा.

चला, हसण्यावारी गेलं, असं मास्तरांना वाटलं. कसलं काय! बाईंनी अबोला धरला आणि मागचं दारच बंद केलं. भाजी बाजारातून यायला लागली. एका सकाळी तर तिने सालींची टोपली कचऱ्याच्या गाडीत रिकामी केली, तेव्हा मास्तरांच्या काळजात चर्र झालं. परस वाळून जाईल याचं दुःख होतंच. पण परसाशिवाय ही कशी जगणार, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

दुकानात मात्र वेगळीच गंमत चालली होती. गिऱ्हाइकं आपापल्या पिशव्या घेऊन यायला लागली. "मास्तर, माझे केस बांधून द्या. घरून सांगितलंय." एका टकलाकडे झुकलेल्या गृहस्थांनी पुडी हातात तोलून विचारलं, "एवढेच?"

"होते तेवढे दिले, साहेब," मास्तर म्हणाले.

शेजारचे साहेबही आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यापुढे कलप नको. ही म्हणते, भोपळे महत्त्वाचे."

मास्तरांनी घरी येऊन हे रंगवून सांगितलं. बायको हसली नाही. उलट तिचे डोळे भरून आले.

"मला केसांची किळस नाही आली," ती म्हणाली. "पण इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या सालींचं खत म्हणून. आणि तुम्ही दारात बसून ऐकत होतात. हसत असाल मनातल्या मनात."

"हसलो नाही गं. पहिल्या वर्षी सगळ्या कळ्या गळाल्या, तेव्हा तू पायरीवर बसून रडत होतीस. मला बघवलं नाही. दुसरं काय होतं माझ्याकडे? होतं ते तू झोपल्यावर आणून घातलं."

तिने पदराने डोळे पुसले.

"आणि नुसते केस पुरले तर तसेच पडून राहतात. दुकानामागे करून पाहिलंय मी. तुझ्या ओल्या साली सोबत असल्या, तरच त्यांची माती होते."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

"तू इतकी खूश होतीस..."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मास्तर धावतच गेले. बाई परसात स्टुलावर केस मोकळे सोडून बसल्या होत्या. "टोकं फाटलीत. चार बोटं कापा."

मास्तर कंगवा धरून नुसतेच उभे राहिले. जन्मभर लोकांचे केस कापले, पण हिच्या केसांना त्यांनी कधी कात्री लावली नव्हती. तिने सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"नवीन गिऱ्हाईक म्हणून घाबरू नका," ती म्हणाली.

कापून झाल्यावर तिने ते केस ओंजळीत गोळा केले, वेलापाशी माती उकरून पसरले आणि वर सालींची टोपली उपडी केली. मग हात धुऊन कात्री मागितली. "तुमचेही वाढलेत. बसा."

"तुला येतं का?"

"तुम्हाला तरी पहिल्या दिवशी येत होतं का?"

मास्तर बसले. "जपून गं, कान आहेत तिथे," एवढंच अधूनमधून म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात जो येईल तो मास्तरांच्या डोक्याकडे बघून हसायचा. एका कानावर केस होते, दुसऱ्यावर जवळजवळ नव्हते, आणि मागे उंदराने कुरतडल्यासारखं झालं होतं. समोर आरसा होता, हातात कात्री होती, पलीकडच्या केस कापायच्या दुकानातला कारागीर तर सारखे करून द्यायला आपणहून आला होता. मास्तरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि केस तसेच वाढू दिले.