गोड बोलणारा गाव

कॅन्सरपायी मुंबईच्या इस्पितळात एक स्तन काढून हारकूबाई सातपाटीला परतली, तेव्हापासून गाव तिच्याशी छळ वाटावा इतका गोड वागू लागला. सासू तिला भांड्याला हात लावू देईना. बाजारात गिऱ्हाइकं बोंबलांचा भाव न पाडता पैसे ठेवत आणि डोळे पुसत निघून जात. जिवंतपणीच सुतक! हारकूचा जीव विटला.

एके सकाळी चांगुणानं, इतके महिने हारकूची बसायची जागा राखणाऱ्या मैत्रिणीनं, तिची पाटी पायानं ढकलली. "माज्या जाग्यात कशाला पसरतेस गो? मेलेली नाय तू, सरक तिकडं!"

हारकूनं पदर खोचला आणि बाजार दणाणून सोडला.

भांडण निवल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकानं बोंबील निम्म्या भावात मागितले. हारकूच्या डोळ्यांत पाणी आलं.